गाण्यानें डोळ्यांत पाणी कां येतें?

श्रोतेहो, आजचा प्रश्न अगदीं घरगुती आहे. एखाद्या गृहस्थाला व्यवहारांत मोठी ठोकर बसली, भाऊबंद तुटले, तरी त्याचा डोळा ओला झालेला कोणीं पाहिलेला नसतो. आणि तोच गृहस्थ नाटकगृहांत बसला असतां, ज्या मुलीचा आणि त्याचा कांहींएक संबंध नाहीं, जी मुळीं मुलगी नसून लुगडें नेसलेला पुरुष आहे हें त्याला पक्कें ठाऊक असतें, तिच्या निरोपाचें पद ऐकून उपरण्याचें टोंक हळूच डोळ्यांना लावतो. कथा त्याला पाठ असते. शेवट गोड होणार हेंही तो जाणून असतो. मग हें पाणी येतें कोठून?

ह्या प्रश्नावर आपल्याकडे भरतमुनींपासून आणि पश्चिमेकडे ग्रीक तत्त्वज्ञांपासून पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु मी जन्माचा शाळामास्तर. तत्त्वज्ञानाच्या महाद्वारापेक्षां इतिहासाच्या दिंडीदरवाजानें आंत शिरणें मला सोयीचें वाटतें. म्हणून आपल्या मराठी रंगभूमीचीच कांहीं वर्षें आपण डोळ्यांपुढें आणूं या.

१८८० सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ३१ तारखेस पुण्यांत, बुधवार पेठेंतील आनंदोद्भव नाटकगृहांत, बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग केला. त्या रात्रीं नाटकाचे सातही अंक झाले नाहींत. पहिले चारच झाले. ही गोष्ट नाट्येतिहासाच्या पुस्तकांतून एका वाक्यांत सांगितली जाते व लेखक पुढें जातो. मला मात्र तिच्याशीं थोडें थांबावेंसें वाटतें. कालिदासाचा चौथा अंक म्हणजे शकुंतलेची सासरीं पाठवणी. दुष्यंताचें आणि तिचें पुनर्मीलन होतें तें सातव्या अंकांत. म्हणजे त्या रात्रीं जे प्रेक्षक घरीं परतले, ते नाटकाचा गोड शेवट पाहून परतले नाहींत. वनांत वाढलेली पोर निघून गेली आणि म्हातारा कण्व मागें राहिला, एवढेंच घेऊन ते बुधवार पेठेच्या बोळांतून चालत गेले.

ह्या प्रयोगांत नवें काय होतें, तें कळण्यासाठीं आणखी मागें पाहिलें पाहिजे. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं सीतास्वयंवराचा खेळ केला. तेव्हांपासून पुढें जवळजवळ चाळीस वर्षें मराठी नाटकांत गाणें होतें खरें, पण तें पात्राच्या तोंडीं नव्हतें. सूत्रधारानें पद म्हणावें, पात्रांनीं त्याबरहुकूम हावभाव करावे आणि मग आपल्या पदरचें भाषण जोडावें, अशी रीत. दुःख एकाचें आणि गळा दुसऱ्याचा! किर्लोस्करांनीं हा गळा ज्याचा त्याला परत केला. कण्व स्वतः गाऊं लागला, शकुंतला स्वतः गाऊं लागली. नाटकांत पदें तरी किती? सुमारें दोनशें. आजच्या श्रोत्याला हा आंकडा ऐकूनच धाप लागेल. पण त्यांतलीं बहुतेक दोन-चार ओळींचीं, बोलतां बोलतां सहज ओठांवर यावीं अशीं होतीं. बोलणें कोठें संपलें आणि गाणें कोठें सुरू झालें, हें प्रेक्षकाला कळूं नये, हीच त्यांची खुबी.

आणि त्या पदांच्या चाली कोणत्या? साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत. कांहीं हरिदासांच्या कीर्तनांतल्या, कांहीं लावणीच्या, कांहीं बायकांच्या गाण्यांच्या आणि कांहीं कर्नाटकी. कारण किर्लोस्करांचें बालपण धारवाडकडच्या मुलखांत गेलेलें होतें. ह्यांतील एकही वस्तु पुण्याच्या प्रेक्षकाला परकी नव्हती. जी दिंडी कण्वाच्या तोंडून निघाली ती त्यानें लहानपणीं देवळाच्या सभामंडपांत, आजीच्या मांडीवर डोकें ठेवून, अर्धवट झोंपेंत ऐकलेली होती. नाटककारानें शब्द नवे दिले, पण चाल जुनी ठेवली. आणि चाल ही एकटी कधीं येत नाहीं. ज्या घरांत, ज्या माणसांबरोबर ती प्रथम कानांवर पडली, तें घर आणि तीं माणसें ती आपल्याबरोबर घेऊन येते. म्हणून कण्वाचें पद ऐकतांना प्रेक्षकाच्या मनांत दोन गाणीं एकाच वेळीं चालू असत: एक रंगभूमीवरचें आणि एक कधींच मावळून गेलेल्या दिवसांतलें. पाणी येई तें पुष्कळदां दुसऱ्या गाण्यासाठीं.

आमच्या महाराष्ट्रांत ह्या दुसऱ्या गाण्याचें मूळ शोधूं गेल्यास तें बहुधा जात्यापाशीं सांपडतें. बाराव्या शतकांत चालुक्य राजा सोमेश्वर यानें मानसोल्लास नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत महाराष्ट्रांतील बायका कांडण करतांना ओवी गातात, अशी नोंद आहे. राजवाड्यांत बसून हत्ती, घोडे, रत्नें आणि पक्वान्नें यांवर लिहिणाऱ्या ह्या राजाला मुसळाच्या तालावर चाललेलें गाणें लिहून ठेवण्याजोगें वाटलें, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढें १२९० सालीं ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली टीका रचली ती ओवींतच. वेदान्ताला त्यांनीं वाहन दिलें तें कांडणाऱ्या-दळणाऱ्या बाईचें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

जात्यावरची ओवी कोणीं रचली हें सांगतां येत नाहीं, पण ती कशाविषयीं असते हें प्रत्येक घराला ठाऊक होतें. माहेरची वाट, भाऊ, भावानें आणलेली किंवा न आणलेली चोळी, आईची सय, लेकीची पाठवणी, पंढरीचा विठ्ठल. आतां ह्यांतली मौज पाहा. सासरीं आलेल्या सुनेनें सासूसमोर, दिरांसमोर, दिवसाउजेडीं म्हटलें असतें कीं मला येथें करमत नाहीं, मला माझी आई हवी, तर तिची काय गत झाली असती तें सांगावयास नको. पण तेंच गाऱ्हाणें तिनें पहांटेच्या अंधारांत, जात्याच्या घरघरींत, ओवीच्या चालीवर मांडलें तर घरांतलें कोणी तिला अडवीत नसे. उलट अंथरुणांत जागी असलेली सासू तें निमूट ऐकून घेई. कारण पंचवीस वर्षांपूर्वीं त्याच खुंट्याला धरून तिनेंही तेंच गाइलेलें असे. बोललें तर अपराध आणि गाइलें तर चालीरीत! गाण्याला समाजानें दिलेली ही मोकळीक लक्षांत घेतल्याशिवाय गाण्याच्या परिणामाचा विचार पुरा होत नाहीं, असें माझें मत आहे. जें इतर कोठेंही बोलतां येत नाहीं त्याला जेथें वाट मिळते, तेथें लोंढा मोठाच असणार.

१८८०च्या पुण्याकडे ह्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे चौथ्या अंकाचा अर्थ बदलतो. पांढरपेशा घरांतून मुलीचें लग्न आठव्या-दहाव्या वर्षीं उरकण्याची चाल होती. मुंबईस रखमाबाईंना सासरीं धाडावें म्हणून त्यांच्या नवऱ्यानें खटला भरला तो १८८४ सालीं. लग्नाच्या वेळीं त्या अकरा वर्षांच्या होत्या. संमतिवयाचा कायदा होऊन ही मर्यादा दहावरून बारावर गेली तीसुद्धां १८९१ सालीं, आणि तेवढ्यासाठीं केवढें रण माजलें! तेव्हां आनंदोद्भवांत जे बाप बसले होते त्यांतल्या कित्येकांनीं परकर नेसलेली, अजून सागरगोटे खेळणारी पोर स्वतःच्या हातानें परक्या घरीं पाठविलेली असली पाहिजे. पाठवितांना रडावयाचें नाहीं, हा पुरुषाचा धर्म. तें काम बायकांचें. कण्व हा तर विरक्त ऋषि, शिवाय खरा बापही नव्हे, आणि तोच गहिंवरून गातो आहे म्हटल्यावर समोरच्या बापाला मोकळीक मिळाली. आपल्या घरच्या पाठवणीला आवरून धरलेलें पाणी त्यानें कण्वाच्या नांवावर खर्ची टाकलें.

शाळेंत मीं तीस वर्षांहून अधिक काळ मराठी शिकविलें. क्रमिक पुस्तकांतली आईवरची एखादी कविता नुसती वाचून तिचा अर्थ सांगितला कीं मुलें तो वहींत उतरून घेत, आणि मागच्या बाकांवर नेहमींचा उद्योग चालू राही. तीच कविता दुसऱ्या दिवशीं चालीवर म्हटली कीं तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून वर्ग गप्प होई. माझा गळा कांहीं गवयाचा नव्हे. तेव्हां ती किमया माझी नव्हती हें उघड आहे. एक मुलगा, ज्याची आई नुकती गेली होती, वाचनाच्या दिवशीं सरळ माझ्याकडे पाहात होता. गाण्याच्या दिवशीं त्यानें मान खालीं घातली. शब्द दोन्ही दिवशीं तेच होते.

किर्लोस्करांची ही पद्धत त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९९ सालच्या शारदा नाटकांत आणखी सोपी, आणखी घरगुती केली. पैशासाठीं म्हाताऱ्याला देऊं केलेली पोर आपलें दुःख साध्या चालींत गाते, आणि ज्या गोष्टीवर सुधारकांचीं व्याख्यानें ऐकून लोक चिडत होते, तीच गोष्ट पदांतून ऐकून ते हळहळूं लागले. (१९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला शारदा कायदा म्हणतात तो ह्या नाटकावरून, असें पुष्कळांना वाटतें. तें खरें नव्हे. तें नांव अजमेरचे हरविलास सारडा यांच्यावरून पडलें. पण गैरसमज व्हावा इतकें तें नाटक लोकांच्या मनांत रुतलें होतें, हेंही खरेंच.)

येथपर्यंत सारें सुरळीत चाललें. ओळखीची चाल, तिच्याबरोबर येणाऱ्या आठवणी, आणि बोलतां न येणाऱ्या दुःखाला मिळालेली वाट, एवढ्यानें प्रश्न सुटला असें कोणी म्हणेल. परंतु इतिहास इतका सोयीचा नसतो. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस किर्लोस्कर मंडळीनें खाडिलकरांचें मानापमान रंगभूमीवर आणलें, आणि त्याच्या चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनीं. त्या चाली आल्या कोठून? पूर्वेकडच्या ठुमरी-दादऱ्यांतून, कजरींतून. पुढें १० डिसेंबर १९१६ला गंधर्व मंडळीनें स्वयंवर केलें. त्याला चाली दिल्या भास्करबुवा बखले यांनीं, आणि त्या तर बड्या खांसाहेबांच्या घराण्यांतून आलेल्या ख्यालांच्या धर्तीवरच्या. ह्या चाली पुण्या-मुंबईच्या कोणाच्या आजीनें गाइलेल्या नव्हत्या. शिवाय तानांच्या भरांत शब्द मोडूं लागले, अर्थ लागेना, म्हणून जाणत्या लोकांनीं कुरकुरही केली. म्हणजे चाल अनोळखी, शब्द अर्धे ऐकूं आलेले. आणि तरीही लोक वेडे झाले. रात्र सरून उजाडेपर्यंत नाटकें चालत, एकेका पदाला कित्येकदां वन्समोअर मिळे. आठवणीच्या उपपत्तीनें ह्याचा उलगडा होत नाहीं.

तेव्हां आतां भरतमुनींकडे वळणें प्राप्त आहे. नाट्यशास्त्रांत त्यांनीं कोणता स्वर कोणत्या रसाला पोषक, ह्याची वांटणीच करून दिली आहे: मध्यम-पंचम शृंगार व हास्याला, षड्ज-ऋषभ वीर, रौद्र व अद्भुताला, गांधार-निषाद करुणाला, धैवत बीभत्स व भयानकाला. वांटणी मोठी आखीव आहे, आणि मला ती कधीं पुरतेपणीं पटली नाहीं. एकट्या स्वराला रस असता तर पेटीची एकच पट्टी दाबून धरून माणसाला रडवितां आलें असतें. रागाचेंही तेंच. आमची भैरवी घ्या: तींत भजन होतें, तींत ठुमरीचा लाडिक शृंगार होतो, आणि मैफलीचा निरोपही तींतच घेतला जातो. एकाच पात्रांतून तीन चवींचें पाणी!

पण भरतांच्या वांटणीच्या मागें एक खोल समजूत आहे, ती सोडून देतां येत नाहीं. ती अशी कीं, शब्द बाजूला ठेवला तरी नुसत्या आवाजाला भाव असतो. इंग्रज तत्त्ववेत्ता हर्बर्ट स्पेन्सर यानें १८५७ सालीं एका निबंधांत हीच गोष्ट वेगळ्या वाटेनें मांडली. माणूस क्षुब्ध झाला म्हणजे त्याचा आवाज चढतो, पडतो, कांपतो. तेंच चढणें-पडणें वाढवून, घोटून गाणें झालें, असें त्याचें म्हणणें. ह्याला आमच्या भाषेनें फार पूर्वींच साक्ष दिलेली आहे. आपण म्हणतों, अमक्याच्या बोलण्याला कोंकणी हेल आहे. आणि आपणच म्हणतों, ती हेल काढून रडली. बोलण्याचा, रडण्याचा आणि गाण्याचा हेल एकच. गांवाकडे मयताच्या घरीं बायका गेलेल्याचे गुण आठवून आठवून रडतात, तेथें रडें कोठें संपतें आणि सूर कोठें लागतो, हें ज्यानें ऐकलें आहे त्याला स्पेन्सर वाचावा लागत नाहीं.

अलीकडे ह्याची परीक्षाही झाली आहे. १९९९ सालीं कॅनडांतील दोन संशोधकांनीं हिंदुस्थानी रागांचे तुकडे अशा पाश्चात्त्य श्रोत्यांना ऐकविले, ज्यांचा आपल्या संगीताशीं परिचय नव्हता, आणि कोणत्या तुकड्यांत कोणता भाव आहे तें त्यांना विचारलें. आनंद, दुःख आणि क्रोध हे भाव त्यांना ओळखतां आले. शांत तेवढा नीटसा ओळखूं येईना. हें वाचून मला हंसूं आलें, कारण भरतांनीं मुळांत आठच रस सांगितले. शांताला नववें आसन द्यावें कीं नाहीं ह्यावर आमच्याच पंडितांनीं पुढें शतकानुशतकें वाद घातला आहे. तर तात्पर्य इतकेंच कीं, बनारसच्या ठुमरीची चाल गिरगांवांतल्या कारकुनाला अनोळखी असली तरी तिच्यांतला हेल त्याला अनोळखी नव्हता. मनधरणी कशी असते, रुसवा कसा असतो, हें त्याचा कान घरींच शिकलेला होता.

आणि तरीही कांहीं शिल्लक राहतेंच. एकच पद तोच प्रेक्षक पांचव्यांदां ऐकतो, आणि त्याच जागीं पुन्हां त्याच्या अंगावर कांटा उभा राहतो, ह्याचें काय? दुसऱ्यांदां ऐकलेला विनोद शिळा होतो. दहाव्यांदां ऐकलेली जागा शिळी होत नाहीं. माँट्रियल येथें २००१ सालीं कांहीं श्रोत्यांना त्यांच्या स्वतःच्या आवडीचें, हटकून रोमांच आणणारें संगीत ऐकवून त्यांच्या मेंदूंतील रक्तप्रवाह मोजण्यांत आला. गोड खाणें वगैरे सुखांच्या वेळीं मेंदूचे जे भाग जागे होतात त्यांतलेच गाण्यानेंही जागे झालेले दिसले. आणखी असें कीं, एकाच्या आवडीचें संगीत दुसऱ्याला ऐकविलें असतां त्याला तसा रोमांच येत नसे. म्हणजे आठवणीच्या वाटेला पुन्हां थोडी बळकटी आलीच. दहा वर्षांनीं, २०११ सालीं, तेथेंच आणखी सूक्ष्म शोध लागला. डोपामाइन नांवाचें सुखाशीं निगडित असलेलें द्रव्य मेंदूंत सुटतें तें केवळ त्या जागेला पोंचल्यावर नव्हे, तर ती जागा येणार येणार असें वाटत असतांही, आणि तें मेंदूच्या वेगळ्या भागांत.

हा दुसरा शोध वाचतांना आमच्या मैफलींतल्या कोणाही जाणत्या श्रोत्याला वाटेल कीं, हें आम्हांला समेनें कधींच सांगितलें आहे. गवई तान घेऊन दूर निघून जातो, तबला आपली वाट चालत असतो, आणि सारी बैठक श्वास रोखून वाट पाहते: हा आतां परत येतो कीं चुकतो? सम आली कीं माना एकदम हलतात. मौज समेची खरी, पण ती वाट पाहण्यांत मुरलेली असते. ओळखीच्या पदांत ही वाट पाहणें कमी होत नाहीं, उलट वाढतें, कारण आतां कोणत्या वळणावर काय येणार तें ठाऊक असतें. आणि वाट पाहणें म्हणजे काय हें माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या सुनेला कोणी शिकवावयास नको होतें. संगीत हें तेंच वाट पाहणें, फक्त येथें पाहुणा वेळेवर येतो.

गाणाऱ्याच्या स्वतःच्या दुःखाचा विचार अजून राहिला आहे. पुष्कळांची समजूत अशी कीं, गाणाऱ्याचें अंतःकरण फाटलेलें असलें म्हणजेच ऐकणाऱ्याचें हेलावतें. ज्या १२ मार्च १९११चा मीं मघाशीं उल्लेख केला, त्याच दिवशीं नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, यांची लहान मुलगी वारली. वय त्यांचें अवघें बावीस. नाटक पुढें ढकलावें असा विचार निघाला, पण त्यांनीं तें मानलें नाहीं. रात्रीं भामिनी होऊन ते उभे राहिले आणि गाइले. आतां ध्यानांत घ्या कीं भामिनी ही कांहीं शोकाची भूमिका नव्हे. श्रीमंताची गर्विष्ठ, थोडी नखरेल मुलगी ती. तिचीं पदें मानाचीं, रुसव्याचीं, प्रेमाचीं. सकाळीं जो बाप रडला त्यानें रात्रीं प्रेक्षकांना रिझविलें, आणि प्रेक्षक दुःखित होऊन नव्हे तर तृप्त होऊन घरीं गेले. मुलगी गेल्याचें दुःख त्या गळ्यांत नव्हतें असें कोण म्हणेल? पण तें प्रेक्षकांपर्यंत पोंचलें नाहीं. पोंचली ती भामिनी. भट्टनायक आणि त्यांच्यामागून अभिनवगुप्त यांनीं साधारणीकरण म्हणून जें सांगितलें, कीं रंगभूमीवरचा भाव अमक्याचा-तमक्याचा न राहतां सर्वांचा होतो, त्याचा ह्याहून रोकडा पुरावा मला ठाऊक नाहीं. ही गोष्ट ऐकून लोक बालगंधर्वांच्या कर्तव्यनिष्ठेची स्तुति करतात, ती योग्यच आहे. मला मात्र प्रत्येक वेळीं घरीं राहिलेल्या त्या मुलीच्या आईची आठवण होते. तिला त्या रात्रीं गाण्याची वाट मोकळी होती किंवा नाहीं, ह्याची नोंद कोणी केलेली नाहीं.

आठ वर्षांनीं, १९१९ सालीं, बालगंधर्व एकच प्यालांत सिंधू होऊन आले. नाटककार राम गणेश गडकरी त्याच्या आदल्याच महिन्यांत निवर्तले होते. ह्या सिंधूनें महाराष्ट्राला रडविलें, ह्याविषयीं दुमत नाहीं. आणि विशेष असें कीं, ख्याल-ठुमरीचें वैभव शिगेला पोंचलेल्या त्या काळांत, दारिद्र्यानें दळण दळण्याची पाळी आलेली ही सिंधू जात्यापाशीं बसून ओवी म्हणते. जी ओवी किर्लोस्करांच्या प्रेक्षकांनीं घरून आणली होती ती येथें साक्षात् जात्यासकट रंगभूमीवर येऊन बसली. ज्या स्त्रियांना आतां नाटकगृहांत स्वतंत्र जागा मिळूं लागली होती, त्यांनीं ती ऐकली तेव्हां आपलें पहांटेचें गाणें शालू-शेल्यांच्या दुनियेंत कसें येऊन पोंचलें, असें त्यांना वाटलें असेल.

पुढें बोलपट आले, नाटकमंडळ्या एकामागून एक बसल्या. गाण्याचें घर पुन्हां बदललें आणि तें आकाशवाणीच्या पेटींत शिरलें. १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर पुणें केंद्रानें ग. दि. माडगूळकरांचें आणि सुधीर फडके यांचें गीतरामायण आठवड्याला एक गीत ह्याप्रमाणें ऐकविलें. वर्षांत अधिक मास आल्यामुळें गीतांची संख्या छप्पन्न झाली. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकावयास बसत, असें त्या काळच्या आठवणींत वाचावयास मिळतें. ही कथाही सर्वांना पाठ होती. किर्लोस्करांच्या प्रेक्षकांप्रमाणेंच, सीतेचें पुढें काय होणार हें प्रत्येक घराला ठाऊक होतें, आणि त्या त्या शुक्रवारीं तरीही वाट पाहिली जात होती.

जात्याचें मात्र दिवस भरले. गांवोगांव पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांचे खांदे सुटले, आणि त्याबद्दल हळहळण्याचा अधिकार निदान पुरुषांना तरी नाहीं. ओव्या मागें राहिल्या. साने गुरुजींनीं त्या वेंचल्या, पुढें हेमा राईरकर आणि गी पॉयट्वा यांनीं गांवोगांवच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ त्यांच्याच आवाजांत ध्वनिमुद्रितही झाल्या. जात्यावर बसलें म्हणजे ओवी सुचते, अशी म्हण आपल्याकडे आहे. माझ्या आजोळीं १९६५-६६च्या सुमारास गिरणी आली, त्यानंतरही माझी आजी सणावारीं थोडें दळण घरींच दळी. एरव्हीं तिला कोणी ओवी म्हणून दाखव म्हटलें तर ती हंसून म्हणे, आतां कुठल्या आठवायला बाबा. पण खुंटा हातांत आला, जातें एकदां फिरलें, कीं दुसऱ्या फेऱ्याला पहिली ओवी येई. आणि मग पायली संपेपर्यंत ती थांबत नसे.